जुनापाणी ते नायकुंड: विदर्भातील लोहयुग दाखवणाऱ्या अभ्याससहलीचे परीक्षण

नागपूरहून शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या या अभ्याससहलीत विदर्भातील लोहयुगाची तीन ठिकाणे, मातीच्या भट्टीत खनिजापासून लोखंड काढण्याचे प्रात्यक्षिक आणि मुक्कामाच्या रात्री एक सचित्र व्याख्यान एवढे सगळे मिळते. ठिकाणांची निवड उत्तम आहे. भट्टीचे प्रात्यक्षिक सहसा कुठे पाहायला मिळत नाही, आणि केवळ त्यासाठीही ही सहल करावी. व्याख्यान मात्र जुन्या समजुतींवर उभे आहे, आणि त्यात जे ठामपणे सांगितले जाते त्याला सर्वांत बळकट उत्तर दिवसभर याच सहलीत पाहिलेल्या ठिकाणांकडून मिळते. हा विरोध आयोजकांच्या लक्षात आलेला दिसत नाही, म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहिले आहे.

पहिला थांबा काटोल मार्गावरील जुनापाणीचा आहे. येथील शिलावर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले. परिसरात सुमारे ३०० वर्तुळे असल्याचे सांगितले जाते. मोठमोठे दगड गोलाकार मांडून आत माती आणि लहान दगडांचा ढीग करायचा आणि त्याखाली मृतासोबत भांडी व हत्यारे ठेवायची, अशी ही दफनाची रीत होती. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत आणि मार्गदर्शकांनी ते बाजूने पडणाऱ्या सकाळच्या उन्हात दाखवले, हे फार चांगले केले, कारण दुपारी ते डोळ्यांना जाणवतही नाहीत. येथे दिलेला वेळ पुरेसा आहे.

माहुरझरी येथे मात्र जितका वेळ मिळाला त्याच्या दुप्पट हवा होता. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आणि डेक्कन कॉलेजच्या वतीने आर. के. मोहंती यांनी २००० नंतर येथे उत्खनन केले. त्यांत जे निघाले त्यावरून हा समाज कसा होता याची कल्पना करता येते. मृतांसोबत पुरलेले घोडे, लगामाची लोखंडी कडियाळी, घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि अकीक-कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी अशा वस्तू येथे मिळाल्या आहेत. मार्गदर्शकांनी उत्खननातील वस्तूंची रेखाटने मोठ्या आकारात छापून आणली होती, आणि स्थानिक लोहाराकडून घडवून घेतलेली कुऱ्हाडीची एक प्रतिकृती सर्वांच्या हाती दिली. चपटे पाते दांड्याशी आवळून धरणारे लोखंडी पट्ट्यांचे बंध हे विदर्भातील या कुऱ्हाडींचे खास लक्षण आहे. प्रतिकृती हातात घेतल्यावर त्या बंधांचे काम क्षणात कळते. पात्याला दांड्यासाठी भोक पाडण्याचे अवघड काम या कारागिरांनी टाळले आणि तरीही झाडावर घाव घालता येईल इतकी पक्की पकड मिळवली.

याच ठिकाणी मार्गदर्शकांनी एक प्रश्न विचारला आणि तो सहलीतील सर्वांत चांगल्या क्षणांपैकी एक होता. इतक्या मेहनतीने मिळवलेले लोखंड लोकांनी मातीत का घातले? कुऱ्हाड मोडली तर ती पुन्हा भट्टीत घालून नवी करता येते, म्हणजे पुरलेली कुऱ्हाड ही जाणूनबुजून सोडून दिलेली संपत्ती असते. सर्व वर्तुळांत सारख्या वस्तू मिळत नाहीत. काहींत घोडा आणि त्याचा साज असतो, तर काहींत थोडी मातीची भांडी असतात. जिवंतपणी कोणाजवळ काय होते आणि मृत्यूनंतर त्याचा मान कसा राखला गेला, हे या फरकातून वाचता येते. शिवाय तांबे बाजूला पडले नव्हते. ते शोभेच्या आणि मानाच्या वस्तूंकडे वळले होते, आणि कापण्या-तासण्याचे काम लोखंडाने घेतले होते. धातूंची ही वाटणी मार्गदर्शकांनी रेखाटनांवरून नीट समजावली.

पारशिवनी तालुक्यातील नायकुंडला पोहोचल्यावर काही सहभागींची निराशा झाली, कारण पेंच नदीकाठच्या त्या परिसरात आज डोळ्यांत भरावे असे काही नाही. आयोजकांनी याची पूर्वकल्पना माहितीपत्रकात द्यायला हवी होती. पण लोखंडाच्या इतिहासाच्या दृष्टीने हेच या सहलीतील सर्वांत मोलाचे ठिकाण आहे. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९८० च्या आसपास येथे केलेल्या उत्खननात लोखंड काढण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. भट्टी छोटी, गोल, वक्र विटांची होती, आणि हवा आत फुंकण्यासाठी वापरलेल्या मातीच्या नळ्या व लोखंडाचा कीट, म्हणजे खनिजातून वितळून वेगळा झालेला मळही तेथे होता. या भट्टीचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. थडग्यातील कुऱ्हाड दुसऱ्या प्रदेशातून विकत आणलेलीही असू शकते. भट्टी आणि कीट मिळाल्यावर मात्र ते लोक खनिजापासून स्वतः लोखंड काढत होते, याबद्दल शंका उरत नाही. संग्रहालयातील काचेमागे तलवारी पाहून लोखंडाचा इतिहास कळत नाही, तो या काळपट, जड, सच्छिद्र कीटाच्या ढेकळांतून कळतो, असे माझे मत या सहलीने अधिक पक्के केले.

त्यानंतरचा भट्टीचा कार्यक्रम हा या सहलीचा गाभा आहे. माती, तूस आणि बारीक वाळू मळून कंबरेइतक्या उंचीची भट्टी आदल्या आठवड्यातच उभारून वाळवलेली होती. एका बाजूला तळाशी मातीची नळी बसवली होती आणि तिला कातडी भाता जोडला होता. आधी लाकडे जाळून भट्टी तापवली, मग लोणारी कोळसा आणि भाजून कुटलेले खनिज यांचे थर आळीपाळीने वरून टाकले. भाता ओढण्याचे काम सहभागींना वाटून दिले होते, आणि हात थांबला की ज्वालेचा रंग कसा उतरतो हे प्रत्येकाने स्वतः अनुभवले.

या प्रक्रियेमागील शास्त्र मार्गदर्शकांनी थोडक्यात, पण अचूक सांगितले. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर लोखंडाला १५३८ अंश लागतात, आणि इतकी उष्णता अशा भट्टीत मिळत नाही. त्यामुळे या भट्टीत लोखंड वितळतच नाही. कोळसा जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो, सुमारे १२०० अंशांवर खनिजातील माती व इतर अशुद्ध भाग वितळून कीट होऊन खाली वाहतो, आणि मागे राहतो तो स्पंजासारखा घन गोळा. तो गोळा लाल असतानाच घणाने ठोकावा लागतो, म्हणजे आत अडकलेला कीट बाहेर पडतो आणि कण एकमेकांना चिकटतात. तांब्याच्या कारागिराची सगळी विद्या वितळवून साच्यात ओतण्याची होती. लोहाराला ठोकून घडवण्याची वेगळी विद्या उभी करावी लागली, आणि म्हणूनच जगातील बहुतेक समाजांत तांबे व कांसे आधी आले आणि लोखंडाचा रोजचा वापर पुष्कळ नंतर सुरू झाला.

संध्याकाळी भट्टी फोडून गोळा बाहेर काढला आणि लोहारबंधूंनी तो ऐरणीवर घेतला. दोघे आळीपाळीने घण घालत होते आणि तिसरा सांडशीने गोळा फिरवत होता. ही जुळवाजुळव शिकवून येत नाही, ती घरातच लहानपणापासून अंगी बाणते. ठोकताना गोळा निम्म्याहून लहान झाला. दिवसभराचा कोळसा, इतक्या माणसांचे हात आणि शेवटी एका विळ्यापुरते लोखंड, हे समोर पाहिल्यावर त्या काळी लोखंडाची किंमत काय असेल याचा अंदाज येतो, आणि थडग्यात ठेवलेल्या कुऱ्हाडीचा अर्थही बदलतो. गावातले लोहार आज खनिज वापरत नाहीत, ते गाडीचे जुने पाटे तापवून विळे-कोयते घडवतात. या बंधूंनीही खनिजापासून लोखंड काढणे या कार्यक्रमासाठी नव्याने शिकून घेतले होते. त्यांना योग्य मानधन आणि बोलण्यासाठी स्वतंत्र वेळ दिला गेला, याचे आयोजकांना मनापासून श्रेय दिले पाहिजे. धारेला पाणी कसे द्यायचे, रंग कोणता आल्यावर द्यायचे आणि घाई केली तर धार का तडकते, हे त्यांच्या तोंडून ऐकताना सगळे स्तब्ध होऊन ऐकत होते.

एक उणीव सांगितली पाहिजे. दुपारनंतर भाता बाजूला ठेवून विजेचा पंखा जोडण्यात आला. वेळेची अडचण समजण्यासारखी आहे, पण पंखा लागताच भात्यावरची माणसे मोकळी झाली आणि या कामातील श्रमाचा अंदाजच नाहीसा झाला. दुसरे असे की किती कोळसा लागला हे कोणी मोजून सांगितले नाही. लोखंडाच्या वजनाच्या कितीतरी पट कोळसा लागतो, आणि तो जंगलातूनच येतो. जंगल तोडायला लोखंडी कुऱ्हाड आली असे आपण नेहमी वाचतो, पण कुऱ्हाड बनवायलाच आधी किती झाडे गेली हा हिशेब भट्टीच्या शेजारी वजनकाटा ठेवून सहज दाखवता आला असता.

आता व्याख्यानाविषयी. रात्रीच्या जेवणानंतरच्या या व्याख्यानात चित्रे सुंदर होती आणि वक्त्यांची भाषा ओघवती होती, पण आशयाची मांडणी अशी होती: लोखंड बनवण्याचे गुपित आजच्या तुर्कस्तानातील हित्ती राजांकडे होते, इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास त्यांचे साम्राज्य कोसळले आणि लोहार चहूकडे पांगले. तेथून ही विद्या टप्प्याटप्प्याने भारतात पोहोचली. मग लोखंडी कुऱ्हाडीने गंगेकाठचे जंगल तुटले, लोखंडी फाळाने जमीन नांगरली गेली, धान्य वाढले आणि नगरे व राज्ये उभी राहिली. ही गोष्ट ऐकायला सलग आणि समाधानकारक आहे, पण तिचे बहुतेक सांधे आज सैल झालेले आहेत.

हित्ती मक्तेदारीला पुरेसा पुरावा नाही. तिसऱ्या हत्तुसिली या हित्ती राजाने इ. स. पूर्व तेराव्या शतकात लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात चांगले लोखंड सध्या कोठारात नाही, तयार झाल्यावर पाठवतो, तोवर खंजिराचे एक पाते पाठवत आहे, असा मजकूर आहे. यावरून लोखंड तेव्हा राजाराजांत भेट देण्याइतके दुर्मिळ होते एवढे सिद्ध होते. ते गुपित होते हे सिद्ध होत नाही. त्याआधीच्या लोखंडी वस्तूंपैकी काही तर उल्केच्या लोखंडाच्या आहेत. इजिप्तचा राजा तुतनखामेन याचा खंजीर उल्केच्या लोखंडाचा असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणाने दाखवले. पूर्व भूमध्य प्रदेशात लोखंड रोजच्या वापरात आले ते इ. स. पूर्व बाराव्या ते दहाव्या शतकांत, हळूहळू. त्यामागे खनिजाची सुलभता हे मोठे कारण होते. कांशासाठी तांब्यासोबत कथील लागते आणि कथील मोजक्याच प्रदेशांत मिळते, त्यामुळे कांसे म्हणजे दूरचा व्यापार आणि तो सांभाळणारा राजवाडा. लोखंडाचे खनिज बहुतेक ठिकाणी सापडते. एकदा विद्या आली की गावाजवळच धातू तयार होतो, आणि राजवाड्याच्या कोठारावर अवलंबून राहावे लागत नाही. समाजरचनेवर झालेला हा खोल परिणाम व्याख्यानात एका वाक्यात संपला, तर हित्ती राजांना अर्धा तास मिळाला.

भारताच्या बाबतीत तर चित्र पुष्कळच बदललेले आहे. पुरातत्त्वज्ञ राकेश तिवारी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पुराव्यानुसार उत्तर प्रदेशातील मल्हारसारख्या ठिकाणी लोखंडाचा काळ इ. स. पूर्व १८०० च्या आसपास जातो. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिवगळै येथील लोखंडासोबतच्या नमुन्यांचे काल इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेले आहेत. या शेवटच्या निष्कर्षावर अभ्यासकांची चर्चा सुरू आहे आणि ती व्हायलाच हवी, कारण नमुना कोणत्या थरातला आणि तो लोखंडाशी नेमका कसा निगडित होता यावर सगळे अवलंबून असते. पण एवढे नक्की, की हित्ती साम्राज्याच्या पडझडीनंतर लोखंड भारतात आले हे विधान आज तसेच करता येत नाही. आफ्रिकेतही नायजेरियातील नोक संस्कृतीच्या भट्ट्यांवरून असाच वाद चालू आहे. एकच उगम आणि तेथून निघालेला एकच प्रवाह, ही कल्पना सोडण्याची वेळ आली आहे.

व्याख्यानाचा शेवटचा सांधा, म्हणजे लोखंड आले की नगरे आलीच, हा सर्वांत महत्त्वाचा आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लोखंड, गंगेच्या खोऱ्यातील जंगलतोड आणि मगधाचा उदय यांची सांगड घातली, आणि इतिहासाकडे उत्पादनाच्या साधनांच्या दिशेने पाहायला त्यांनी शिकवले हे ऋण मोठे आहे. पण पुढे अ. घोष यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी या मांडणीवर गंभीर आक्षेप घेतले. गंगेच्या खोऱ्यातील सुरुवातीच्या थरांत लोखंडाची हत्यारे अधिक आणि शेतीची अवजारे कमी मिळतात, हा त्यांतील एक मुद्दा आहे. बुद्धाच्या काळापर्यंत लोखंडी फाळ ओळखीचा झाला होता, हे सुत्तनिपात या प्राचीन बौद्ध ग्रंथातल्या दिवसभर तापवून पाण्यात टाकलेल्या, चुरचुरणाऱ्या फाळाच्या उपमेवरून दिसते. प्रश्न तो होता की नव्हता हा नाही. साधन हाती आल्यावर समाजाने त्याचे काय केले, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर नायकुंड आणि माहुरझरीला आहे. विदर्भातील शिलावर्तुळे बांधणाऱ्या लोकांचा काळ साधारण इ. स. पूर्व १००० ते ३०० असा धरतात. त्यांच्याकडे लोखंड होते, भट्ट्या होत्या, घोडे होते, त्यांच्या वस्त्यांच्या थरांत जळालेले धान्य मिळाले आहे, म्हणजे शेतीही होती. तरीही कित्येक शतके येथे नगर उभे राहिले नाही. पवनी, अडम, पौनार, कौंडिण्यपूर ही नगरे मौर्य-सातवाहन काळात, व्यापारी मार्ग, बौद्ध विहार आणि करवसुली करणारी सत्ता यांच्या जोडीने वाढली. म्हणजे लोखंडाने येथे आधी जे केले ते वेगळेच होते: कारागिरीला नवे स्थान मिळाले, घोडेस्वाराला मान मिळाला, आणि मृतासोबत हत्यार पुरण्याइतकी संपत्ती काही घराण्यांकडे साचली. याच्या अगदी उलट चीनमध्ये मोठ्या भट्ट्यांत लोखंड वितळवून ओतण्याची विद्या इ. स. पूर्व पाचव्या शतकापर्यंत विकसित झाली होती, आणि इ. स. पूर्व ११७ मध्ये हान सम्राट वू याने लोखंड व मीठ सरकारच्या ताब्यात घेतले. तिथे हा धातू राज्याच्या तिजोरीचा आधार बनला. एकच धातू, पण भट्टी कोणाच्या अंगणात आहे यावर समाजाचे वळण ठरले. दिवसा नायकुंडच्या मातीत उभे केल्यानंतर रात्री हे सांगायला वक्त्यांना किती सोपे गेले असते!

व्यवस्थेविषयी थोडक्यात लिहितो. मुक्काम साधा पण स्वच्छ होता, जेवण घरगुती होते, आणि गट लहान असल्याने प्रत्येकाला प्रश्न विचारता आले. ठिकाणांवर सावली नाही, म्हणून टोपी आणि पुरेसे पाणी बरोबर असावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच गवताने वर्तुळे झाकली जातात, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. दहा-बारा वर्षांपुढील मुलांना भट्टीचा कार्यक्रम फार आवडेल, मात्र घण घालताना ठिणग्या उडतात तेव्हा प्रेक्षकांसाठी आखलेली रेषा अधिक मागे हवी. डोळ्यांच्या संरक्षणाचे चष्मे फक्त लोहारांना दिले होते. ते पहिल्या रांगेतील सर्वांना मिळाले पाहिजेत.

शुल्क जास्त वाटले तरी भट्टीची तयारी, कोळसा आणि कारागिरांचे मानधन पाहता ते रास्त आहे. आयोजकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. व्याख्यानाची मांडणी नव्याने करून हित्तींच्या जागी विदर्भाला आणि कथिलाच्या प्रश्नाला वेळ द्यावा. आणि रविवारी परतीच्या आधी अर्धा दिवस पवनीसाठी राखावा. भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेच्या काठचे हे प्राचीन नगर आणि तेथील स्तूपांचे अवशेष पाहिले, की लोखंड हाती आल्यापासून नगर उभे राहीपर्यंत मधे किती काळ गेला आणि त्या काळात आणखी काय काय घडावे लागले, हे सहभागींना प्रत्यक्ष जागेवर उभे राहून विचारता येईल.